लोखंडी पाण्यातलं अंगडं

केस्किटालो रोड, अप्पर मिशिगन
२८ एप्रिल

एलन,

पाकिटावरचं अक्षर ओळखून पत्र न फोडता ठेवून देऊ नकोस. द्यायचंच असेल तर क्रिस्टीनकडे दे, कारण काम तुझ्या लेकीचंच आहे.

काल तिचा फोन आला. मुलगी झाल्याचं कार्ड मला मिळालं होतं, पण त्याला काय लिहावं ते न सुचल्यामुळे उत्तर राहून गेलं होतं. त्यामुळे तिचा आवाज ऐकून आधी मी घाबरलोच. ती म्हणाली, "रूडीमामा, आजीनं शिवलेलं बाप्तिस्म्याचं अंगडं तुझ्याकडेच आहे ना? जूनअखेरीस, युहान्नुसच्या सणाच्या रविवारी बाळाचा बाप्तिस्मा करतोय. तेच घालायचं माझ्या मनात आहे."

मी हो म्हणून गेलो. म्हणजे आहे का, याला हो म्हणालो. तिला ते पाठवतो असंच वाटलं असणार. फोन ठेवल्यावर डोक्यात आलं की तिनं तुला विचारलंय का? नसेल विचारलं तर मी तुझ्या मागून काही केलं असं होईल. विचारलं असेल तर तू मला का कळवलं नाहीस? पण तू मला कशाला कळवशील. मी असाच दिवसभर या खोलीतून त्या खोलीत फिरत होतो.

अंगडं मार्जच्या देवदारी पेटीत आहे. तिनं ते निळ्या कागदात गुंडाळून ठेवलं होतं, ते आज उघडलं. आईची टाचणी अजून एका हातोप्यात तशीच आहे. डागही तसाच आहे, छातीच्या घडीखाली, चहा सांडल्यासारखा. मला वाटलं होतं इतक्या वर्षांत फिका झाला असेल. का वाटलं होतं कोण जाणे, गंज काही फिका होत नाही.

मार्जचं नाव मी या पत्रात लिहिणार नव्हतो. तुझी वहिनी गेली तेव्हा तू पाठवलेल्या कार्डावर छापील मजकुराखाली नुसती सही होती. ते मी जपून ठेवलंय, पण कशासाठी ते मला सांगता येणार नाही.

तेव्हा कळव. पाठवू की नको? नको म्हणालीस तर मी क्रिस्टीनला सांगेन की उंदरांनी खाल्लं. पेटीत उंदीर शिरत नाहीत हे तिला काय माहीत.

तुझा भाऊ,
रूडी


९ मे

एलन,

तुझं कार्ड मिळालं. "पांढरं झालं तर पाठव. डाग असेल तर राहू दे." एवढंच. मी ते इतक्या वेळा वाचलं की आता त्यात तू रागावलेली दिसतेस की थकलेली, हेही मला कळेनासं झालंय. कार्डावर तुमच्या ॲस्टोरियाच्या पुलाचं चित्र आहे. पूल छान आहे.

समोरची व्हर्ना हुहताला तुला आठवत असेल. तिला कार्ड दाखवलं. दाखवायला नको होतं, पण ती कॉफीला आली होती आणि कार्ड टेबलावरच होतं.

ती म्हणाली, "त्यात काय? परसातल्या रुबार्बची आंबट देठं उकळ आणि त्या पाण्यात भिजत घाल. गंज सुटताना बघत राहशील."

"आणि खळबळायचं कशात?"

"पाण्यात. आणखी कशात खळबळतोस तू?"

"कुठल्या पाण्यात, व्हर्ना?"

आपल्या बोअरचं पाणी तुला ठाऊक आहे. नळातून काचेसारखं येतं आणि हवा लागली की तांबूस होतं. तिच्या बोअरचं त्याहून वाईट. तिचं पांढरं कुत्रं त्या पाण्यानं मिश्यांपुरतं नारिंगी झालंय.

रुबार्ब अजून वीतभरही वर आलेलं नाही. कोपऱ्यात बर्फ आहे.

तू 'पांढरं' असं लिहिलंस ना, त्यानं मला तो सगळा दिवस पुन्हा आठवला. तुला आठवतो तसाच मलाही आठवतो का, ते बघायला लिहितो. क्रिस्टीनचा बाप्तिस्मा होता. मी खनिजाच्या जहाजावर होतो, सोमवारपर्यंतचीच सुट्टी काढून शनिवारी संध्याकाळी घरी पोचलो. मार्जनं अंगडं आदल्या दिवशी धुतलं होतं, याआधी धुवायची तसंच, साध्या साबणानं. दोरीवरून काढलं तर छातीवर डाग. तू गावातून आलीस आणि पडवीच्या दारामागे तुला ब्लीचची रिकामी बाटली दिसली. लोखंडी पाण्यात ब्लीच घातलं की गंज कापडात कायमचा बसतो, हे या रस्त्यावर चालता न येणाऱ्या पोरालाही माहीत असतं. मार्ज डेट्रॉइटची होती.

रविवारी क्रिस्टीनला दुकानातलं अंगडं घातलं. देवळाच्या तळघरात कॉफी आणि वेलदोड्याचा पाव चालू असताना तू सगळ्यांसमोर म्हणालीस, "वहिनीला नवऱ्याचं घर मिळालं, पण त्या घरचं पाणी काही कळलं नाही."

मार्ज म्हणाली, "मी ब्लीच घातलेलं नाही."

"मग बाटली काय पवित्र आत्म्यानं रिकामी केली?"

लोक हसले. पाद्रीबुवा कपात बघत राहिले. मी म्हणालो, ती नाही म्हणते म्हणजे नाही. तू म्हणालीस, "दादा, तू जहाजावर होतास."

ते खरंच होतं. मी तिच्या बाजूनं बोललो, पण मला माहीत काहीच नव्हतं. बाबा टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसून हेरिंग मासे खात होते. त्यांना तेव्हा ऐकूही कमीच यायचं.

घरात त्या दिवशी सकाळपासूनच बिनसलं होतं. मार्ज बाबांना म्हणाली होती की कॉफीला औषधासारखी चव येतेय. आई गेल्यापासून सकाळची कॉफी बाबा करायचे, त्यांना ते लागलं. "या घरात कॉफीला आजवर कुणी नाव ठेवलं नव्हतं," म्हणाले. मी दोघांच्या मध्ये बसून ती प्यालो. मी तेव्हा सिगारेटी इतक्या ओढायचो की मला कुठलीही कॉफी सारखीच लागायची.

हे सगळं मी का लिहिलं? तुला माहीत नाही असं यात काही नाही. तू पांढरं म्हणालीस, मी पांढरं करून बघतो.

रूडी


२१ मे

एलन,

फिल्टर बसवला. तू हसशील. आपल्या घराला इतक्या वर्षांत कधी फिल्टर नव्हता. बाबा म्हणायचे लोखंडानं रक्त वाढतं.

बसवणारा बोड्री म्हणून आहे, त्या जुन्या लाकूडतोड्या बोड्रीचा नातू. आला आणि आधी म्हणाला, "रूडीकाका, तुम्ही फिनलंडवाले पाणी पिता कुठे? कॉफीच पिता. तुम्हाला फिल्टर कशाला?"

मी म्हणालो, "आणि तुम्ही फ्रेंच लोक पाण्यानं अंघोळ तरी करता का?" त्याला ते आवडलं. मग त्यानं नीट समजावलं, निदान प्रयत्न केला.

तळघरात माणसाएवढी उंच टाकी आहे. तिच्यात खडे भरलेत. खडे म्हणजे कोळशाच्या चुऱ्यासारखे काळे दाणे. त्यानं मूठभर माझ्या तळव्यावर ओतले तर मला वाटलं हातात काही नाहीच. टाच घासायची वजरी असते ना, तसे आतून भोकाभोकांचे आणि हलके. काळा आहे तो वरचा लेप. खरं काम तो लेप करतो म्हणे.

"लोखंड पाण्यात विरघळलेलं असतं तोवर दिसत नाही," बोड्री म्हणाला. "हवा मिळाली की त्याचा गंज होतो. तुमच्याकडे तो गंज संडासात होतो, अंघोळीच्या टबात होतो, शर्टावर होतो. हे खडे तेच काम टाकीत उरकून घेतात. पाण्यात मुरलेली हवा आणि खड्यावरचा लेप, दोघं मिळून लोखंडाला तिथल्या तिथे गंजवतात. गंज खड्यांत अडकतो. अधूनमधून टाकी आपोआप पाणी उलटं सोडते. खडे हलके म्हणून उचलले जातात, घुसळून निघतात आणि गंज बाहेरच्या चरात जातो."

"आणि पाण्यातला चुना?"

"चुना तसाच राहतो. मीठ असेल तर तेही. याचा मतलब फक्त लोखंडाशी."

"पण त्याला कळतं कसं, कुणाला धरायचं नि कुणाला सोडायचं?"

"काका, आजवर दोनशे घरांत टाक्या बसवल्या, हे कुणी विचारलं नाही."

उत्तर त्यालाही येत नसावं. किंवा येत असेल आणि आठवी शिकलेल्या माणसाला ते कसं सांगायचं हे सुचलं नसेल. जाताना टाकीवर हात ठेवून म्हणाला, "या टाकीत कसलंही औषध घालायचं नाही. लेप मेला की हे नुसतेच खडे." मला जरा रागच आला. मी टाकीत कशाला काही घालू? टाकीला बंद झाकण आहे.

तर पाणी आता खरोखर स्वच्छ आहे. आई करायची तसं केलं, खिडकीत पेला भरून ठेवला. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर तसाच, तिसऱ्या दिवशीही तसाच. संडासातली तांबडी रेघ गेली. मी दिवसातून कितीदा तरी त्या पेल्याकडे बघतो आणि मला बरं वाटायच्या ऐवजी उगीच धास्ती वाटते. एवढं सोपं होतं तर आपण इतकी वर्षं काय केलं?

बाकी वसंतातली कामं उरकली. जाळ्या बसवल्या, सॉनाच्या वाफखोलीचं धुराडं झाडलं, बर्फाचं पाणी जमिनीत मुरलं म्हणून नेहमीप्रमाणे बोअरचं झाकण काढून जंतू मारायला ब्लीच ओतलं, मग नळ सोडून ठेवले, वास गेलासा वाटल्यावर बंद केले. होडी अजून पालथीच आहे.

रुबार्ब काढायला आलंय. पुढच्या आठवड्यात अंगडं भिजत घालतो. तू म्हणतेस तसं पांढरं होईल असं आता वाटतंय. लिहायला नको होतं, लिहिलं की बिघडतं.

रूडी


२ जून

एलन,

बिघडलं. अंगडं नाही. ते मी अजून पाण्याला लावलेलं नाही, हे आधी वाच आणि मग पुढचं वाच.

मला थेट अंगडं धुवायचा धीर झाला नाही. म्हणून आधी मार्जच्या पांढऱ्या अभ्र्यांची जोडी काढली. तिनं कडेला निळी फुलं भरलेली आहेत, ती तुझ्या खोलीतल्या पलंगावर असायची. त्यातला एक अभ्रा मशीनमध्ये घातला. नव्या पाण्यात. साबण फक्त. ब्लीच नाही, एलन. ब्लीच मी घरात ठेवतच नाही, बोअरसाठी आणतो आणि सगळं ओततो. अभ्रा बाहेर काढला तर मधोमध तांबूस डाग, तळव्याएवढा. कडेनं ठिपके.

मी तो हातात धरून मशीनसमोर किती वेळ उभा होतो कुणास ठाऊक. मग तसाच घेऊन पेटीपाशी गेलो आणि अंगड्याशेजारी ठेवला. एकाच हातानं काढल्यासारखे दोन डाग. मला काही म्हणजे काही कळेना. फिल्टर आहे, साबण साधा आहे, मग हे आलं कुठून? क्षणभर मला वाटलं मार्ज काहीतरी सांगतेय. असलं मी मानत नाही, तुला माहीत आहे.

तेवढ्यात व्हर्ना आली. मी तिला काही सांगितलं नाही, कॉफी दिली. तिनं एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला.

"रूडी, ही कॉफी आहे की पोहण्याचा तलाव?"

"का? काय झालं?"

"क्लोरीनचा भपका येतोय. तुला येत नाही?"

मला येत नाही. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. त्या साथीत आजारी पडलो, तेव्हापासून माझं नाक गेलंय. सॉनातली बर्चची पानं, पेट्रोल, जळका पाव, काहीच कळत नाही. नळ सोडून वास जायची वाट बघत बसलो होतो, पण मी वास घेत नव्हतोच. घड्याळ बघून बंद केले.

व्हर्नानं बोड्रीला फोन लावला. तो आला, टाकी उघडून मूठभर खडे बाहेर काढले आणि माझ्याकडे बघितलं. खडे करडे पडले होते.

"काका, काय घातलंत?"

"टाकीत काही घातलं नाही."

"मग?"

"बोअरमध्ये ब्लीच घातलं. दर वर्षी घालतात. सगळेच घालतात."

"आणि बोअरचं पाणी कुठे जातं?"

बोअर ती बोअर आणि टाकी ती टाकी, असंच माझ्या डोक्यात होतं. व्हर्ना म्हणाली, "ओरडू नकोस त्याच्यावर, माझ्याकडे टाकी असती तर मीही तेच केलं असतं." तो ओरडत नव्हता. डोकं धरून बसला होता.

मग त्यानं जे सांगितलं ते तुला जसंच्या तसं लिहितो, कारण मी ते त्याच्याकडून दोनदा वदवून घेतलं. ब्लीचनं लेप मारला, म्हणून लोखंड टाकीतून सरळ पुढे आलं. आणि नळात ब्लीच शिल्लक होतंच. लोखंड आणि ब्लीच एकाच पाण्यातून मशीनमध्ये आले. जो गंज टाकीत व्हायचा तो कापडावर झाला. मी विचारलं, म्हणजे मशीनमध्ये ब्लीच घालावं लागत नाही? तो म्हणाला, "बोअरमध्ये ओतलं असेल आणि नीट वाहवलं नसेल, तर नळच ब्लीच घालतो. धुणाऱ्याला पत्ताही लागत नाही."

धुणाऱ्याला पत्ताही लागत नाही.

एलन, आता शांतपणे वाच. बर्फाचं पाणी मुरलं की बोअरमध्ये ब्लीच कोण ओतायचं? बाबा. ते कुणाला सांगायचे? फक्त आईला. "नाक तुझं," म्हणायचे. त्यांचं नाक तांब्याच्या खाणीतल्या धुळीनं कधीच गेलं होतं. आई नळाशी वाकून वास घ्यायची आणि तिनं हो म्हटल्याशिवाय घरात कपडे भिजत नसत. तुला आठवतंय? आपण दोघं पायरीवर बसून वाट बघायचो, मग ती ओरडायची, "झालं, टाका आता!"

क्रिस्टीनच्या बाप्तिस्म्याच्या आधीच्या हिवाळ्यात आई गेली होती.

त्या आठवड्यात नळाशी वाकायला कुणी नव्हतं. मी जहाजावर होतो आणि तू गावात. मार्जला ही पद्धत कुणी सांगितलेलीच नव्हती. बाबांनी ब्लीच ओतलं असणार, नळ सोडले असणार, माझ्यासारखेच घड्याळ बघून बंद केले असणार आणि रिकामी बाटली पडवीच्या दारामागे ठेवली असणार, नेहमी ठेवायचे तिथेच. मार्जनं साध्या साबणानं अंगडं धुतलं. आणि शनिवारी संध्याकाळी मी आलो, रविवारी सकाळी तिनं काय म्हटलं होतं? कॉफीला औषधाची चव येतेय.

ती ते बाबांच्या आणि माझ्या तोंडावर म्हणाली होती, एलन. घरात एकटं तिचंच नाक शाबूत होतं. आणि आम्ही त्यावरून भांडलो.

मला हे बरोबर कळलंय ना? तू माझ्यापेक्षा जास्त शिकलीस, तू सांग. मी ते पुन्हा पुन्हा उलटसुलट लावून बघतो आणि प्रत्येक वेळी तसंच जुळतं, मग मला भीती वाटते की मला जुळायला हवंय म्हणून जुळतंय.

रूडी


५ जून

एलन,

पत्र पोचायच्या आत दुसरं लिहितोय. घाई आहे.

व्हर्ना म्हणते वेळ अजून गेलेली नाही. तिच्या भाचीच्या घरी गावाचं नळाचं पाणी आहे, सुपीरियर सरोवराचं, त्यात लोखंड नाही. रुबार्बमध्ये भिजवायचं, तिथे नेऊन खळबळायचं, दोन दिवसांत अंगडं पांढरं. तुझी अट पुरी आणि बाळाला आजीच्या हातचं अंगडं.

मी देठं कापूनही आणली. भांडं चुलीवर ठेवलं. अंगडं निळ्या कागदातून काढलं आणि तसंच उभं राहिलो.

व्हर्ना म्हणाली, "घाल ना. काय झालं?"

"डाग गेला तर काय उरलं?"

"अंगडं उरलं. तुला दुसरं काय हवंय?"

तिला सांगून उपयोग नव्हता. डाग गेला की एलनला पांढरं अंगडं मिळेल आणि मार्जनं ब्लीच घातलं होतं ही गोष्ट तशीच राहील, फक्त तिच्यावर बोलायचं कारण उरणार नाही. मार्जकडे दुसरा साक्षीदार नाही. बाबा नाहीत. मी जहाजावर होतो. हा डागच आहे.

व्हर्ना म्हणाली, "तुम्ही केस्किटालो लोक एक नंबरचे हट्टी. तुझी बहीण हे परत पाठवेल आणि पोरीला दुकानातलं घालेल, मग बस डाग कवटाळून." ती बरोबर म्हणत असेल. क्रिस्टीननं माझं काय वाईट केलंय? तिच्याही वेळी दुकानातलंच घातलं होतं. हे डोक्यात आल्यावर मी भांड्याखालचा गॅस मोठा केला, मग परत बंद केला.

तर मी अंगडं जसं आहे तसं पाठवतोय. त्याच्यासोबत अभ्राही आहे. दोन्ही उजेडात शेजारी शेजारी ठेव आणि बघ. एकावर मार्जचा हात लागला होता. दुसऱ्यावर माझा, आणि मी ब्लीच घातलेलं नाही हे मी तुला आईची शपथ घेऊन सांगतो.

पांढरं असेल तरच पाठव, असं तू म्हणाली होतीस. पांढरं नाही. बघून घे.

एक गोष्ट राहिली. बाबांना कळलं होतं का? मला ठरवता येत नाही. त्या उन्हाळ्यात दर शनिवारी सॉना तापला की ते मार्जला म्हणायचे, "सूनबाई, पहिली वाफ तुझी." पहिली वाफ त्यांनी आयुष्यात कुणाला दिली नव्हती, पाद्रीबुवा आले तरी नाही. आम्हाला वाटलं म्हातारा मवाळ झाला. त्या शरद ऋतूत ते गेले. आता मी सॉनाच्या बाकावर बसतो आणि विचार करतो, पण म्हातारी माणसं मवाळही होतातच.

रुबार्बचं पाणी टाकून दिलं. व्हर्ना चिडून उरलेली देठं ॲपल पायसारखं गोड काही करायला घेऊन गेली.

रूडी


३ जुलै

एलन,

आधी क्रिस्टीननं पाठवलेल्या फोटोबद्दल. मी तो चष्मा लावून बघितला, चष्मा काढून बघितला, दारात नेऊन बघितला. बाळाच्या अंगावर आईचंच अंगडं आहे एवढं मला दिसलं. पण तू बाळाला धरलंयस आणि तुझा हात बरोबर छातीच्या घडीवर आहे. डाग त्या हाताखाली आहे की नाहीच? तू धुतलंस? धुतलं असशील तर माझी तक्रार नाही. म्हणजे आहे, पण ती मी केली नसती. दोन दिवस मी फोटो फ्रिजवर लावला, काढला, परत लावला. व्हर्ना म्हणाली, "फोन कर की बाबा, फोटो घासून काही निघणार आहे का?"

शेवटी क्रिस्टीनला फोन केला. मी आडवळणानं विचारत होतो, हवा कशी होती, पाद्री कोण होता. तिला कळलं.

"मामा, आईनं ते धुतलं नाही," ती म्हणाली. "मी म्हणत होते लाँड्रीत देऊ, तर हात लावू देईना. तसंच इस्त्री केलं."

मी फोटो फ्रिजवरून काढून हातात घेतला.

"कॉफीच्या वेळी नवऱ्याच्या आत्यानं विचारलं, हे काय सांडलंय छातीवर? आई म्हणाली, 'आमच्या वडिलांच्या बोअरचा डाग आहे. माझ्या वहिनीनं धुतलं होतं, साध्या साबणानं.' सगळे गप्पच झाले, कारण कुणाला काही कळलंच नाही. मलाही नाही कळलं. मामा, हे काय आहे?"

मी तिला म्हणालो, आईला विचार. तू सांगशील ना? मला फोनवर नीट सांगता आलं नसतं.

त्यानंतर काल तुझं पत्र आलं. पत्र कसलं, ऑगस्टच्या तिकिटाची तारीख आणि खाली एकच प्रश्न, "फिल्टर चालू आहे का?" अभ्र्याबद्दल काही नाही. तो तू ठेवून घेतलास असं मी धरतो.

चालू आहे. बोड्रीनं नवे काळे खडे भरले, आधी सगळे नळ स्वतः वास घेऊन वाहवले आणि बोअरच्या झाकणावर रंगानं मोठ्ठी फुली मारून ठेवली. पुढच्या वर्षी ब्लीच घालायचंच झालं तर टाकी आधी बाजूला काढायला त्याला बोलवायचं, असं ठरलंय. मी त्याला पुन्हा विचारलं, की लोखंडच धरायचं हे त्या खड्यांना कळतं कसं. म्हणाला, "काका, त्यांना काही कळत नाही. त्यांना तेवढंच जमतं." यानं माझं समाधान झालं का ते मी सांगू शकत नाही. खिडकीतला पेला स्वच्छ आहे, पण मागच्या वेळीही स्वच्छच होता.

विमानतळावर व्हर्नाचा भाचा गाडी घेऊन येईल, मला आता लांबचं चालवू देत नाहीत. सॉना तापवून ठेवतो. पहिली वाफ तुझी.

तुझ्या पलंगावर चादर घातली. उशीला त्या जोडीतला उरलेला पांढरा अभ्रा काढून ठेवलाय. पेटीत इतकी वर्षं राहिल्यामुळे त्याला कोंदट वास येतो असं व्हर्ना म्हणते. म्हणजे एकदा धुवायला हवा. मी तो तीनदा मशीनपर्यंत नेला आणि परत आणला. आता तसाच खुर्चीवर ठेवलाय. तू आलीस की नळाशी वाकून वास घे आणि आईसारखी हाक मार, मग मी टाकतो.

दादा